रणगाड्यातला काचेचा फ्यूज

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की हिंदी मुलखातल्या आमच्या बालाघाटात हवा जड होते. धान कापून झालेलं असतं, वारासिवनीच्या रस्त्यानं ट्रॉल्यांची रांग लागते, राइस मिला सुरू होतात आणि बारीक कोंडा सगळीकडे तरंगायला लागतो. खिडकीच्या गजांवर, दोरीवरच्या ओल्या साडीवर, देवघरातल्या समईच्या तेलातसुद्धा. दिवसातून दोनदा फडकं मारलं तरी हात फिरवावा तिथे खरखरीत लागतं. मिलांचा भार पडला की दिवे पिवळे होतात, पंखा दमल्यासारखा फिरतो, आणि मग कुणाच्या ना कुणाच्या घरी फ्यूज उडतो. भिंतीपलीकडून आवाज येतो, "अरे, मोटी तार डाल दो, झंझट खतम." दरवर्षी येतो. यंदाही परवा आला. मी लसूण सोलत बसले होते, तशीच बसून राहिले.

आमचे हे, म्हणजे मधुकरराव, गावाचे सर. आयटीआयमध्ये तीस वर्षं वायरमनची बॅच शिकवली. निवृत्त झाल्यावर लोक भजनाला लागतात, रामपायलीच्या मंदिराच्या वाऱ्या सुरू करतात, नाहीतर सुनांच्या कारभारात नाक खुपसतात. यांनी रणगाडे बांधायला घेतले. खरेखुरे नव्हेत, हातभर लांबीचे, रेडिओवर चालणारे. हातात रिमोट, त्याला लांब काडी, आणि अंगणात हिरवा रणगाडा घर्रर्र करत माझ्या वाळत घातलेल्या मुंगवड्यांवरून जायचा. मी ओरडायची, हे म्हणायचे, "शत्रूचा इलाका आहे, मॅडम." साठीच्या माणसाचं हे वागणं. मी तीस वर्षं मुलींच्या शाळेत मास्तरकी केली आहे, वात्रटपणा मला चालत नाही, पण खरं सांगायचं तर मला हसू यायचं. पदराआड हसायची.

तीन रणगाडे केले. पहिले दोन बाहेरून मागवलेल्या सांगाड्यावरचे. तिसऱ्याचं सगळं घरचं होतं. पट्ट्यांची एकेक कडी कानशीनं घासलेली, बुरूज फिरवायची वेगळी मोटार, आणि मोटारी चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड स्वतः डोळ्यांना भिंग लावून डाग देऊन केलेला. त्या एका बोर्डापायी दोन वर्षं गेली. घरात सोल्डरचा वास इतका मुरला होता की मुलगी नागपूरहून आली की आधी खिडक्या उघडायची.

आणि त्या बोर्डाच्या आधी, बॅटरीच्या लाल वायरवर, एक काचेचा फ्यूज. पाच अँपिअरचा. बोटाच्या पेराएवढी नळी, दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या, आत केसासारखी तार. रणगाडा मोकळा चालताना बॅटरीतून थोडाच करंट जातो. पण पट्ट्यात तणसाची काडी अडकली, चाक थांबलं, आणि माणूस मात्र रिमोट दाबून राहिला, की मोटार जिथल्या तिथे कण्हते आणि करंट चढत जातो. तो बोर्ड जाळायच्या आत ती केसाएवढी तार वितळायला हवी. एवढंच तिचं काम. हे सगळं मला पाठ होतं, कारण वैशालीला शिकवताना मी चहा घेऊन दारात उभी असायची. वैशाली यांची शेवटच्या बॅचमधली, वारासिवनीची. शिकली आणि पुढे स्वतःच शिकवायला लागली. नोकरी लागल्यावरही रविवारी बसनं यायची, सरांच्या टेबलाशी बसायला.

तिला यांनी एक नियम घालून दिला होता. फ्यूज उडाला तर लगेच दुसरा लावायचा नाही. आधी काहून उडाला ते सांगायचं, मगच नव्याला हात लावायचा. आणि जाड तार टाकणाऱ्याला तर हे माणूसच समजत नसत. आमच्या गल्लीत दर हंगामात घरोघरी कटआउटमध्ये, म्हणजे फ्यूजच्या चिनी मातीच्या खाचेत, जाड तार पडायची, इकडे तो रिवाजच आहे, आणि दर हंगामात हे पकड घेऊन घरोघरी जाऊन ती काढायचे. लोक कंटाळले होते. लग्नाच्या पहिल्या वर्षी मीही एकदा पाहुणे येणार म्हणून स्वयंपाकघराच्या कटआउटमध्ये तशी तार टाकली होती. हे ओरडले नाहीत. मुख्य बटण बंद केलं, बाजारात गेले, योग्य तार आणली, बसवली. तोवर पाहुणे घामाघूम. त्यानंतर चाळीस वर्षं मी यांच्या कुठल्याही तारेला हात लावला नाही. हे यांनाही ठाऊक होतं.

मग यांचा हात थरथरायला लागला. आधी उजवा, चहाची बशी वाजायची. नागपूरच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला आणि हेही सांगितलं की डोकं शाबूत आहे, स्मरणाला धक्का नाही. हे गाडीत मला म्हणाले, चला, वरचा मजला तर वाचला. सोल्डरिंग सुटलं. भिंग लावून बारीक काम सुटलं. उरलं काय, तर अंगणात रणगाडा चालवणं आणि फ्यूज उडाला तर तो बदलणं.

मी सांगते आहे तो हंगाम तेव्हाचा. शेजाऱ्यांच्या मळणीचं तणस उडून आमच्या अंगणात यायचं, आणि हे ते मुद्दाम झाडू देत नसत. म्हणायचे, मैदान असंच पाहिजे. त्यामुळे पट्ट्यात काडी अडकायची आणि फ्यूज उडायचा, दिवसातून तीनदा, चारदा. मग हे उकिडवे बसायचे. फ्यूजच्या होल्डरचं झाकण फिरवायचे. जळका फ्यूज काढायचे. डबीतून नवा काढायचे आणि तो निसटायचा. तणसात काच शोधणं म्हणजे काय सांगू. हे गुडघ्यांवर येऊन बोटांनी चाचपायचे. सापडला की पुन्हा बसवायला जायचे, पुन्हा निसटायचा. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची. जाऊन मदत केली तर बोलायचे नाहीत, फक्त रणगाडा उचलून आत जायचे, आणि मग दिवसभर अंगणात यायचे नाहीत. म्हणून मी जात नसे. उभी राहायची, हातात पोळीचं लाटणं, आणि मनात म्हणायची, बसू दे रे देवा, एकदाचा बसू दे.

एका दुपारी हे जेवून आडवे झाले होते. मी जुन्या इस्त्रीच्या वायरीतून तांब्याचे तीन पदर काढले. जळक्या फ्यूजवर एका टोपीपासून दुसऱ्या टोपीपर्यंत गुंडाळले, होल्डरमध्ये घातला, झाकण फिरवलं. बाहेरून काही कळत नव्हतं. पाच मिनिटांचं काम. माझा हात जरासुद्धा हलला नाही, ते आठवतं. अडाणीपणानं केलं असतं तर आज निदान तेवढं तरी म्हणता आलं असतं. मला सगळं माहीत होतं. मला फक्त यांना गुडघ्यांवर आलेलं बघवत नव्हतं.

अकरा दिवस फ्यूज उडाला नाही. मी आयुष्यात काही सुखं बघितली, पण ते अकरा दिवस वेगळेच. हे सकाळी उठून दाढी करून अंगणात. मी तार गुंडाळली त्याच्या आदल्याच दिवशी यांनी पट्टा जरा सैल केला होता, थरथरत्या हातानं, अर्धा तास लावून, आणि यांची खात्री झाली की दोष तिथेच होता आणि तो आपण काढला. जेवताना सांगायचे, झोपताना सांगायचे. वैशालीला फोन करून सांगितलं, हात गेला पण नजर नाही गेली. मुलीला सांगितलं. भाजी जास्त घ्यायला लागले. मला वाटलं, मी औषध केलं. डॉक्टरला जमलं नाही ते मी तीन पदरांत केलं.

बाराव्या दिवशी, उन्हं चढल्यावर, रणगाडा विटांच्या चढावर चढवत होते. पट्ट्यात तणसाचा अख्खा पुंजका गेला. चाक थांबलं. मोटार कण्हायला लागली. मी खिडकीतच होते. यांनी रिमोट सोडला नाही. का सोडतील? यांना फ्यूजवर विश्वास होता. उडायचा तर उडेल, तोवर एक धक्का देऊन बघू, असा तो हिशोब. बुरुजाच्या खालून आधी पातळ, मग काळा धूर आला. यांनी धावत जाऊन बॅटरी ओढली, दोन बोटं भाजली. दोन वर्षांचा बोर्ड कोळसा झाला होता. तो वास मला अजून येतो. कुणी शेतात तणस पेटवलं तरी येतो, नुसता कोंड्याचा वास असला तरी त्याच्या मागे तो येतो. मी तोंडाला पदर लावते, बायका म्हणतात काकूंना धुळीची ॲलर्जी आहे.

हे पायरीवर बसले, होल्डर उघडला, फ्यूज हातात घेतला. तीन पदर. बराच वेळ बघत होते. मी बाहेर येऊन उभी राहिले. मला वाटलं, आता विचारतील, काहून केलं. मी उत्तर तयार करत होते. यांनी मान वर केली. चेहऱ्यावर राग नव्हता. भीती होती. मी यांच्या चेहऱ्यावर भीती तोवर कधी पाहिली नव्हती.

"हे मी टाकलं काय?" हे म्हणाले. "मले तं काहीच आठवून नाही राह्यलं."

यांनी फ्यूज माझ्यापुढे धरला.

"तुनं पाह्यलं काय मले टाकताना?"

"हौ," मी म्हटलं. "पाह्यलं."

का म्हटलं? वर्षानुवर्षं स्वतःला विचारते आहे. यांच्या रागाची भीती होती हे एक. पण ते खरं कारण नव्हे. खरं सांगायचं तर मला सांगावं लागलं असतं की तुमच्या हातांची मला कीव आली. अकरा दिवस तुम्ही जे मिरवलं ते तुमचं नव्हतं, माझं होतं. ते तोंडातून निघेना. वाटलं, त्यापेक्षा आपणच विसरलो असं यांना वाटलेलं बरं. उतारवयात माणूस विसरतोच. मला वाटलं, मी दोन वाईटांतलं हलकं निवडलं. मूर्ख बाई. शाळेत पोरींना खोटं बोलल्याबद्दल मी वर्गाबाहेर उभं करायची.

दुसऱ्या दिवशी सांगणार होते. पण दुसऱ्या दिवशी हे इतके शांत होते की वाटलं, राहू दे, शमलं. तिसऱ्या दिवशी ते शिळं झालं. शिळं खोटं उघडायला लागते ती हिंमत माझ्यात नव्हती.

हे शांत नव्हते, हे मला नंतर कळलं. हे पाळत ठेवत होते, स्वतःवरच. दूध उतू गेलं, मी ठेवून विसरले होते, तरी हे आतून येऊन म्हणाले, माह्या हातून राह्यलं असन. मी म्हटलं, नाही हो, मीच. हे हसले, माझी समजूत घालू नको म्हणाले. एकदा "हौ" म्हटल्यावर माझं "नाही" यांना पटेना. दार उघडं राहिलं, हे म्हणायचे, मीच. नळ चालू राहिला, मीच. कपाटाच्या किल्ल्या माझ्याकडे दिल्या. बँकेत सही करायला नकार देऊ लागले, म्हणायचे, आपण काय लिहू भरोसा नाही. ज्या गल्ल्यांत तीस वर्षं सायकल चालवली तिथे एकटं जाईनात, रस्ता विसरलो तर, म्हणून. वैनगंगेच्या पुलापर्यंतची संध्याकाळची चक्कर बंद झाली. माणूस शाबूत होता. नावं, तारखा, पाढे, सगळं शाबूत होतं. पण आता त्याचा त्यावर विश्वास नव्हता. तो मी काढून घेतला होता.

पुढच्या पावसाळ्यात छातीत कफ झाला आणि हे गेले. समाचाराला आलेल्या एकानं छान बोलायचं म्हणून म्हटलं, सर म्हणजे तुमच्या घरचा फ्यूज होते, स्वतः जळाले, घर वाचवलं. लोक रडले. मला त्या माणसाच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. फ्यूज डबीत दहा-दहा मिळतात. आणि घर काय वाचलं, कशापासून वाचलं, ते मला विचारा.

तेव्हापासून हा हंगाम लागला की हे घरात असतात. लोक सांगतात तसं पांढऱ्या कपड्यात वगैरे काही नाही. मी बटण दाबते आणि दिवा लागायच्या आधीच्या त्या क्षणात कुणीतरी माझ्या खांद्यामागे थांबलेलं असतं, उत्तराची वाट बघत. अंगणात तणस उडत येतं, मी झाडत नाही. कधी दुपारी वाटतं, उंबऱ्याशी कुणीतरी उकिडवं बसून बोटांनी काही चाचपतं आहे. मी खिडकीत जाते. कुणी नसतं. तरी मी तिथे उभी राहते, पूर्वीसारखीच, मदतीला न जाता. मला भीती वाटत नाही. लाज वाटते, आणि भीतीपेक्षा ती वाईट.

परवा भिंतीपलीकडून ते "मोटी तार" ऐकू आलं, आणि त्याच संध्याकाळी वैशालीचा फोन. ती आता आयटीआयमध्येच आहे, सरांच्याच वर्गावर. म्हणाली, काकू, तो जळालेला बोर्ड पोरांले दाखवायचा आहे, घेऊन याल काय. मी हौ म्हटलं. माझ्या तोंडाला तो शब्द सोपा जातो.

बोर्ड कापडी पिशवीत घालून गेले. मला खुर्ची दिली, पाणी दिलं. वीस-पंचवीस मुलं-मुली, लामत्याकडून येणाऱ्यांपासून गावातल्यांपर्यंत. त्यांचं बोलणं सगळं हिंदीत. वैशालीनं बोर्ड उंच धरून दाखवला, काळा डाग दाखवला आणि गोष्ट सांगितली. की ज्यांनी आयुष्यभर जाड तारेविरुद्ध भांडण केलं, त्या सरांनीही म्हातारपणी एकदा तार टाकली आणि विसरले. म्हणून आपल्या आठवणीवर कुणी विसंबायचं नाही, सरांसारख्यांनीसुद्धा नाही. प्रेमानं सांगत होती. दर बॅचला सांगते, असं म्हणाली. मुलं माना डोलवत होती. एक मुलगी वहीत लिहून घेत होती.

म्हणजे हे माझ्या घरात नव्हे, इथे दरवर्षी, नव्या पोरांपुढे, पुन्हा पुन्हा ती तार टाकत होते.

मी उभी राहिले. म्हटलं, "बेटा, वो तार सर ने नहीं डाली थी. मैंने डाली थी. उन्होंने पूछा तो मैंने झूठ बोला."

यांच्याशी खोटं बोलले ते आमच्या बोलीत. खरं बोलले ते हिंदीत, अनोळखी पोरांपुढे, आणि तेही हे नसताना. ती मुलगी पेन हातात धरून माझ्याकडे बघत राहिली, मग तिनं लिहिलेल्या ओळीवर सावकाश काट मारली. मला वाटलं होतं, बोलल्यावर छातीवरचं उतरेल.

वैशालीनं मुलांना बाहेर पाठवलं. ती बोर्डाच्या कडेवरून बोट फिरवत होती. ती माझ्यावर रागावेल, असं मला वाटलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

"काकू," ती म्हणाली, "बोर्ड जळाल्यावर आठ दिवसांनी सर वारासिवनीले माह्या घरी आलते. बसनं, एकटेच."

मला तो दिवस आठवला. रामपायलीला देवदर्शनाला जाऊन येतो म्हणाले होते. त्यानंतर हे एकटे कधी कुठे गेले नाहीत.

"म्हणाले, वैशाली, माही परीक्षा घे. मी हसली. तं म्हणाले, हसू नको, खरंच घे. मंग मी दोन तास विचारलं. रंगांचे कोड विचारले, वायरिंगचे नियम विचारले, आमच्या बॅचच्या सगळ्या पोरांची नावं विचारली. त्या बोर्डाचा नकाशा तर त्याईनं कागदावर पुरा काढला, तसा हात हलत असताना. एक बी चुकलं नाही, काकू. मी म्हटलं, सर, तुमचं डोकं एकदम साफ आहे, तुम्ही नसन टाकली तार, दुसऱ्या कोणी टाकली असन."

मी विचारलं, मग?

"मंग कागदाची घडी केली, खिशात ठेवली. म्हणाले, नाही वैशाली. तुह्या काकूनं सोताच्या डोळ्यानं पाह्यलं मले. ती खोटं नाही बोलत."